व्हिसाच्या आडून आपण काय करतो

अमेरिकेच्या सरकारवर नाशिकमधली कितीतरी घरे चिडलेली आहेत. इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर, गंगापूर रोडच्या सोसायट्यांत, लग्नाच्या पंगतीत हा विषय निघतोच. लग्न होऊन दोन वर्षे झाली, सुनेचा व्हिसा अजून नाही. मधल्या काळात नुसती भेटायला जाऊन यावी म्हटले तर तोही अर्ज नाकारला. हा संताप खोटा नाही. नवरा-बायकोने एका घरात राहण्यासाठी परक्या देशाच्या रांगेत वर्षानुवर्षे तिष्ठावे, ही क्रूर गोष्ट आहे आणि तिला क्रूरच म्हटले पाहिजे. पण हा लेख त्या सरकारविरुद्ध नाही. त्याच्या नावाने बोटे मोडून आपण सगळे नामानिराळे होतो, ते मला सहन होत नाही म्हणून मी लिहीत आहे. व्हिसा थांबवणारे ते आहेत. तिचे जगणे थांबवणारे आपण आहोत: तिचे आईबाप, सासूसासरे, नवरा, नातलग आणि जिन्यात गाठून चौकशी करणारे शेजारी.

आधी नियम पाहू, कारण आपला बेजबाबदारपणा तिथूनच सुरू होतो. 'मुलगा अमेरिकेत आहे' एवढे ऐकले की आपल्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहते. कायद्याच्या लेखी मात्र हे मुलगे मुख्यतः तीन प्रकारचे. एक, तिथला नागरिक झालेला. त्याच्या बायकोच्या व्हिसाला वार्षिक संख्येची मर्यादा नाही. कागदपत्रांना लागतो तेवढा वेळ लागतो, आणि तोही थोडाथोडका नसतो, पण कोट्याची रांग नसते. दुसरा ग्रीन कार्डवाला, म्हणजे कायमचा रहिवासी पण नागरिक नव्हे. त्याच्या बायकोसाठी एफ-टू-ए नावाचा वर्ग आहे आणि त्या वर्गाला दरवर्षीचा कोटा आहे. जुलै २०१९ ते मार्च २०२३ या काळात तो कोटा पुरून उरत होता. एप्रिल २०२३ पासून पुन्हा रांग लागली आणि ती वर्षांत मोजावी लागते. तिसरा एच-वन-बीवर नोकरी करणारा. त्याची नोकरी गेली तर त्याला गाशा गुंडाळावा लागतो. पण त्याची बायको एच-फोर व्हिसा घेऊन त्या मानाने फार लवकर त्याच्या घरी राहायला जाते.

यात आणखी एक मेख आहे. मुलाला नोकरीमार्फत ग्रीन कार्ड मिळायचे असेल आणि लग्न त्याआधी झालेले असेल, तर बायकोला त्याच अर्जाच्या आधाराने मागून जाता येते. तेच लग्न कार्ड हातात पडल्यावर आठ दिवसांनी लागले, तर ती नव्या रांगेच्या शेपटाला जाते. एवढ्या फरकाने कित्येक वर्षांची ताटातूट ठरते. आपण मुहूर्त काढायला गुरुजींकडे जातो, हॉलची तारीख पाहतो, मामाची रजा पाहतो. ही एक तारीख कुणी पाहत नाही.

आणि आपल्या लग्नाच्या बाजारात भाव कसा लागतो? ग्रीन कार्डवाला मुलगा सगळ्यांत वरचा. 'एच-वनवर आहे' म्हटले की मुलीचा बाप जरा मागे सरतो, 'ग्रीन कार्ड आहे' म्हटले की मानपान वाढतात, हॉल मोठा होतो, 'आमची काही अपेक्षा नाही' असे म्हणत म्हणत अपेक्षा सांगितल्या जातात. ज्या मुलाशी लग्न केल्यावर मुलीला सगळ्यांत जास्त दिवस इथे थांबावे लागणार, त्याच मुलासाठी आपण सगळ्यांत जास्त मोजतो. १९६१ चा हुंडाबंदी कायदा आपल्याला ठाऊक आहे. त्याला वळसा कसा घालायचा तेही ठाऊक आहे. एफ-टू-ए ठाऊक नाही.

बैठकीत काय काय विचारले जाते ते आठवा. पगार, फ्लॅट, बहिणींची लग्ने, गावाकडची शेती, मुलगा मांसाहार करतो का. मुलगा नक्की कोणत्या कागदावर तिथे राहतो, बायकोला नेण्यासाठीचा अर्ज, म्हणजे पिटिशन, कधी भरणार, नागरिकत्वाला किती अवकाश आहे, तोवर दोघांनी कुठे आणि कसे भेटायचे, तोवर मुलगी कुठे राहणार आणि काय करणार, यातले काही विचारायची कुणाची छाती होत नाही. 'त्यांना वाटेल आपण शंका घेतोय.' मुलीच्या आयुष्यातली कोवळी वर्षे पणाला लागलेली असतात आणि बापाला काळजी व्याह्यांच्या रुसव्याची. ती मुलगी बी.ई. झालेली असते, कंपनीत दहा माणसांचे काम सांभाळत असते. बैठकीत ती पोह्यांचा ट्रे घेऊन येते आणि आत निघून जाते.

मग साखरपुडा होतो आणि पहिला घाव बसतो. 'आता कशाला नोकरी? जायचंच आहे ना!' हे वाक्य मी नाशिकमध्ये इतक्या घरांत ऐकले आहे की ते कुणा एकाचे राहिलेले नाही. मुलीची आई म्हणते, सासू म्हणते, नवराही फोनवरून म्हणतो. मुलगी राजीनामा देते. अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात काम करणारी अशी एक मुलगी मला माहीत आहे. वरिष्ठांनी तिला सांगितले होते, रजा घे, जाऊन ये, नोकरी सोडू नको. घरच्यांनी ऐकले नाही; लग्नानंतर मुलगी नोकरीला जाते हे कमीपणाचे दिसेल म्हणून. नवऱ्याने पिटिशन भरली, रांग लागली, आणि निदान तीन आठवडे भेटून यावे म्हणून तिने व्हिजिटर व्हिसाचा अर्ज केला.

त्या अर्जाचे गणित समजून घेण्यासारखे आहे. अमेरिकेचा कायदा तात्पुरत्या व्हिसासाठी आलेल्या प्रत्येकाला आधी कायमचा राहायला निघालेला माणूस समजतो. कलम २१४ (बी). तसे नाही, आपण परत येणार आहोत, हे अर्जदाराने पटवायचे. जिच्या नावाने कायमच्या व्हिसाची पिटिशन प्रलंबित आहे, तिच्या वतीने तर तिला तिथे राहायचे आहे हे लेखीच कळवलेले असते. तरीही कायद्याने तिला दार बंद केलेले नाही. या खेपेला ती मुदतीत परत येईल आणि आपली पाळी येईपर्यंत इथेच राहील, एवढे अधिकाऱ्याला पटले तर तो व्हिसा देऊ शकतो. पटावे कशाने? चालू नोकरी, मंजूर रजेचे पत्र, अर्धवट सोडता न येणारे शिक्षण, आधी परदेशी जाऊन वेळेत परतल्याचे शिक्के. इथे तिला खेचून आणणारे काहीतरी.

ती मुलगी पहाटेची गाडी धरून मुंबईला गेली. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या त्या इमारतीत फोन नेता येत नाही, सोबत कुणाला आत येऊ देत नाहीत. हातात प्लास्टिकचे फोल्डर. त्यात लग्नपत्रिका, महापालिकेचा विवाह नोंदणी दाखला, सप्तपदीचे फोटो, नवऱ्याचे पगारपत्रक, सासऱ्यांच्या फ्लॅटचा कर भरल्याची पावती. खिडकीपलीकडच्या बाईने विचारले, नवरा तिथे काय करतो? मग विचारले, तुम्ही इथे काय करता? 'हाउसवाइफ.' आणखी एक-दोन प्रश्न आणि पासपोर्ट परत. फोल्डर उघडलेच गेले नाही. त्यातला एकही कागद तिचा स्वतःचा नव्हता. सगळे नवऱ्याचे, नाहीतर सासऱ्यांचे.

तो व्हिसा अमेरिकेने नाकारला हे खरे. पण तिच्या तोंडी ते उत्तर कुणी घातले? दीड वर्षापूर्वी तिची नोकरी सोडवणाऱ्यांनी. जी गोष्ट तिला नवऱ्याची भेट मिळवून देऊ शकली असती तीच आपण प्रतिष्ठेसाठी काढून घेतली आणि वर म्हणालो, नशीब तिचे.

नाकारलेल्या अर्जानंतर घरात जे सुरू होते ते लिहिताना हात जड होतो. 'पायगुण' हा शब्द पहिल्यांदा कुजबुजत येतो, मग मोठ्याने. पत्रिका बाहेर निघते. परदेशगमनाचा योग तिच्या पत्रिकेत नाही असे कुणीतरी सांगतो. मुलाच्या पत्रिकेत आहे, कारण तो गेलाच आहे. आणि आपल्या नाशिकला तर त्र्यंबकेश्वर हाकेच्या अंतरावर. नवरा वर्षाकाठी दोन-तीन आठवडे रजा घेऊन येतो. त्यातले तीन दिवस नारायण नागबळीला जातात. तीन दिवस त्र्यंबक सोडायचे नाही, नवी कोरी धोतर-साडी, सोवळे, सुतकाचे नियम. वर्षभर ज्यांनी एकमेकांना फक्त पडद्यावर पाहिले, त्या दोघांना आपण सुतक पाळायला बसवतो! कुणा पूर्वजाची सद्गती राहिली किंवा कुणाच्या हातून नाग मेला, म्हणून वॉशिंग्टनमधला कोटा संपला, असे मानणारी माणसे इंजिनीअर आहेत, बँकेतून निवृत्त झालेली आहेत, गोदाघाटावरच्या वसंत व्याख्यानमालेत पुढच्या रांगेत बसणारी आहेत. कोणाच्या श्रद्धेबद्दल मला बोलायचे नाही. पण त्या मुलीच्या पिटिशनच्या पावतीवर एक तारीख छापलेली असते, प्रायॉरिटी डेट. अमेरिकेचे परराष्ट्र खाते दर महिन्याला बुलेटिन काढते आणि कोणत्या तारखेपर्यंतचे अर्ज निघाले ते जाहीर करते. दोन तारखा समोरासमोर ठेवल्या की पाळीचा अंदाज येतो. त्यात तिच्या पायाचा, मंगळाचा, नागाचा काही संबंध नाही. हे समजायला लागणारा वेळ पूजेच्या यादीपेक्षा कमी आहे, तरीही आपण ते समजून घेत नाही. समजले तर दोष कुणाच्या माथी मारायचा हा प्रश्न उभा राहील.

राहिलेल्या दिवसांचेही वाटे पडतात. मावशीकडे जेवण, काकांकडे जेवण, कुलदैवत, शाळेतले मित्र, दातांच्या डॉक्टरकडची फेरी. विमानतळावर सोडायला गाडीभर माणसे. त्या दोघांना दोन दिवस कुठे जाऊन येऊ द्यावे असे कुणी सुचवले तर 'आम्हाला काय तो रोज दिसतो का' असे आई विचारते. आईचे दुःख खरे आहे. पण तिला भेटीला जाता येते, सुनेला येत नाही, हे ती विसरते.

ही गोष्ट मला सगळ्यांत जास्त खुपते. सासूसासऱ्यांना दहा वर्षांचा व्हिजिटर व्हिसा बहुधा सहज मिळतो. इथे घर आहे, पेन्शन आहे, ते परत येणार हे अधिकाऱ्याला पटते. ते एका खेपेला सहा-सहा महिने मुलाकडे राहून येतात. सुनेच्या हातचे लाडू, मेतकूट, भाजणी त्यांच्या बॅगेत जाते आणि ती इथे कुलूप सांभाळते, आजेसासूचे औषधपाणी करते, झाडांना पाणी घालते. ते परत आले की फोटो दाखवतात. हे त्याचे किचन, हा त्याचा सोफा, इथून बर्फ दिसतो. पाहुण्यांसमोर ती ते फोटो पाहते. हा दुष्टपणा म्हणून कुणी करत नाही. यात काही चुकते आहे हेच कुणाला जाणवत नाही, आणि माझा आरोप त्या न जाणवण्यावर आहे. सहा महिन्यांच्या त्या मुक्कामाचा पैसा आणि मुलाची रजा वाचवून तो स्वतः दोनदा इथे आला असता.

येऊ शकतो तो. ग्रीन कार्डवाल्याला देशाबाहेर जायला बंदी नाही. सलग सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिले तर नागरिकत्वाच्या हिशेबाला धक्का लागतो, वर्षाहून जास्त राहिले तर कार्डच धोक्यात येते. महिनाभराने काही बिघडत नाही. आता तर घरून काम करता येणाऱ्या नोकऱ्या आहेत. काही मुले खरोखर धडपडतात. कंपनीकडून इथून काम करण्याची परवानगी मिळवतात, रात्री जागून अमेरिकेच्या वेळेत काम करतात आणि बायकोजवळ राहतात. काही जोडपी थायलंडला किंवा सिंगापूरला आठ दिवस भेटतात. त्यांचे मला कौतुक वाटते. आपले काय म्हणणे असते? 'यांचा हनिमून काही संपत नाही.' नवरा-बायकोने भेटावे याची लाज आपल्याला वाटते. त्यांनी वर्षभर भेटू नये याची वाटत नाही. आणि जो येत नाही, त्याला 'बिचारा एकटा राहतो, हाताने करून खातो' म्हणतो. तिच्या वाट्याला एकदाही 'बिचारी' येत नाही, कारण ती भरल्या घरात आहे.

भरल्या घरात तिचा फोन कसा होतो, तेही पाहा. तिकडे सकाळ, इकडे संध्याकाळचे सात. तो ऑफिसला निघण्याआधी फोन करतो. हॉलमध्ये टीव्हीचा आवाज कमी होतो, फोन आईच्या हातात. मग बाबा. मग आत्या आलेली असते, ती. गुडघ्याचे दुखणे, सोसायटीचा मेंटेनन्स, भावाच्या मुलाचा प्रवेश. फोन तिच्याकडे येईपर्यंत त्याला गाडी काढायची असते. 'रात्री बोलू.' रात्री म्हणजे त्याची दुपार, मीटिंगा. दार लावून बोलली तर सकाळी प्रश्न येतो, एवढे काय बोलणे चालले होते? माहेरी चार दिवस जास्त राहिली तर तिकडे चर्चा, सासरी राहिली तर 'नवरा नसताना कशी राहते बाई'. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण देता देता विचारतात, 'काही गोड बातमी?' जिचा नवरा दहा महिने समुद्रापलीकडे आहे, तिला हे विचारताना आपल्या जिभेला काही वाटत नाही.

ही ताटातूट नाशिकला नवी नाही. १९०९ साली बाबाराव सावरकरांना जन्मठेपेची शिक्षा झाली आणि ते अंदमानात गेले. त्यांची पत्नी येसूबाई मागे राहिली. पतीला एकदा भेटण्याची परवानगी मिळावी म्हणून तिने वर्षांमागून वर्षे काढली. परवानगी आली १९१९ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर. ती राजद्रोहाची शिक्षा होती, परक्या सत्तेचा सूड होता, आणि आजच्या व्हिसाच्या रांगेशी त्याची तुलना मी करणार नाही. पण त्या दहा वर्षांत ओळखीपाळखीच्या माणसांनी पोलिसांच्या भीतीने त्या घरातल्या बायकांना टाळले, तो भाग इंग्रजांच्या खात्यावर टाकता येत नाही. सरकारने नवरा दूर नेला की बाईला शेजारही उरत नाही, हा आपला जुना रिवाज आहे. तेव्हा निदान भीतीचे कारण होते.

आता खोटेपणाबद्दल. व्हिसा नाकारला की घरातले कुणीतरी एजंट गाठते. तो सल्ला देतो: पासपोर्ट अजून माहेरच्या नावाचा आहे ना, मग लग्न झालेले दाखवूच नका, मैत्रिणीच्या लग्नाला निघालेय म्हणा, पिटिशन भरली आहे का, या प्रश्नाला 'नाही' लिहा. तो प्रश्न अर्जात स्पष्ट विचारलेला असतो आणि पिटिशन त्याच सरकारच्या दप्तरात पडलेली असते. खोटे उघडकीस आले तर ते फसवणुकीच्या सदरात जाते, आणि फसवणूक केलेल्याला कायमची बंदी होऊ शकते. ती उठवायला पुन्हा वेगळा अर्ज, वेगळी वर्षे. रांगेने उशिरा का होईना मिळणारा व्हिसा या एका खोट्याने हातचा जातो. सल्ला एजंटचा, होकार सासऱ्यांचा, घाई नवऱ्याची; पण फॉर्मखाली सही तिची आणि बंदीही तिच्यावर. मुलीला लहानपणी खरे बोलायला शिकवणारे बाप त्या वेळी 'ते सांगतात तसे कर' म्हणतात. त्यांना मी क्षमा करू शकत नाही.

अमेरिकेचे कायदे करणाऱ्यांनाही ही ताटातूट अन्यायाची आहे हे एकदा मान्य करावे लागले होते. डिसेंबर २००० मध्ये त्यांनी ग्रीन कार्डवाल्यांच्या रांगेत तीन वर्षे अडकलेल्या बायका-मुलांसाठी 'व्ही' नावाचा व्हिसा काढला, तिकडे येऊन पाळीची वाट पाहा म्हणून. पण २१ डिसेंबर २००० पर्यंत पिटिशन भरलेल्यांनाच तो लागू. त्यानंतर लग्न झालेल्या मुलींसाठी ते दार उघडलेच नाही. कॅनडाच्या कायद्यात मात्र साफ लिहिले आहे की कायम राहण्याचा इरादा आहे एवढ्यावरून तात्पुरता प्रवेश नाकारायचा नाही. अमेरिकेतल्या मराठी मंडळांनी आणि इथल्या खासदारांनी अमेरिकेकडे तेच मागावे. मंडळांचे गणेशोत्सव थाटात होतात. हा प्रश्न त्यांच्या अजेंड्यावर मी कधी पाहिला नाही.

रांगेआड आणखी एक काळे सत्य लपते. 'व्हिसा रखडलाय' हे वाक्य बायकोला टाकून देणाऱ्या पुरुषाला फार सोयीचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये निकाल दिलेल्या एका प्रकरणात हेच घडले होते. १९८९ मध्ये लग्न, नवरा अमेरिकेत परतला, 'नोकरी सोड आणि ये' अशी पत्रे आली. तिने शाळेतली नोकरी सोडली, व्हिसा मिळेना, पत्रांचा सूर बदलला, आणि पुढच्या वर्षी हातात पडले ते अमेरिकी न्यायालयात लग्न रद्द करण्यासाठी केलेल्या अर्जाचे पाकीट. भारतात झालेले असे लग्न परदेशी न्यायालयाला परस्पर रद्द करता येऊ नये, असा कायदा करण्याचा विचार व्हावा, असे न्यायालयाने तेव्हाच सुचवले होते. त्यानंतर २०१९ मध्ये अनिवासी भारतीयांच्या विवाहनोंदणीचे विधेयक राज्यसभेत आले. २०२४ मध्ये विधी आयोगाने २८७व्या अहवालात व्यापक कायद्याची शिफारस केली. तीन दशकांत कागद वाढले. नोकरी सोडायला लावण्याची आपली रीत मात्र जशीच्या तशी आहे.

पिटिशन खरोखर भरली आहे का, हे कळायला वकीलही लागत नाही. भरली की पावती क्रमांक मिळतो, तीन अक्षरे आणि दहा आकडे. तो संगणकावर घातला की अर्ज कुठवर आला ते कुणालाही दिसते. मी विचारते तेव्हा बहुतेक मुलींकडे तो क्रमांक नसतो. 'त्यांच्याकडे आहे.' मागितलास का? 'कसे मागायचे? अविश्वास दाखवल्यासारखे होते.' हा संकोच त्या मुलींनी जन्मतः आणलेला नाही. आपण तो पाजला आहे.

आखातात मजुरी करणाऱ्यांच्या बायकांची कथा याहून मोठी आहे. तिथे ठरावीक पगाराखाली कुटुंब नेण्याची मुभाच नसते, आणि त्या बायकांबद्दल पंगतीतही कुणी हळहळत नाही. त्यावर वेगळे लिहावे लागेल.

एका मुलीचे मात्र सांगितले पाहिजे. तीही नाशिकचीच, महाविद्यालयात शिकवणारी. लग्नानंतर तिने नोकरी सोडायला साफ नकार दिला; वडील चिडले, सासरी अबोला झाला. मुंबईच्या खिडकीवर तिने खरे ते सांगितले: नवरा ग्रीन कार्डवर आहे, पिटिशन प्रलंबित आहे, उन्हाळ्याच्या सुट्टीत भेटायला जायचे आहे, जूनमध्ये कॉलेज उघडते, हे प्राचार्यांचे पत्र. तिला व्हिसा मिळाला. खरे सांगणाऱ्या प्रत्येकीला मिळतोच असे नाही, तिला मिळाला. ती गेली, राहिली आणि कॉलेज उघडण्याआधी परत आली. खिडकीवर दिलेला शब्द तिने पाळला.

आणि आपण काय केले? 'परत का आली?' 'पटत नाही वाटतं.' 'त्यानेच पाठवून दिली असेल.' सोसायटीच्या गेटपासून माहेरच्या गल्लीपर्यंत हे पोहोचले. तिच्या आईला भाजीवालीसमोर खुलासा करावा लागला. तिकडेच राहा, मग बघू काय होते ते, असा सल्ला देणारे नातलग शहाणे ठरले आणि कायदा पाळून आलेली मुलगी टाकलेली ठरली. ती पुढच्या सुट्टीत पुन्हा गेली, पुन्हा आली. दुसऱ्या खेपेला विमानतळावरून घरी येताना तिने बॅग रात्री उशिरा वर नेली, जिन्यात कुणी भेटू नये म्हणून. स्वतःच्या नवऱ्याला भेटून आलेल्या बाईला आपण चोरासारखे घरात शिरायला लावले.

डिसेंबर आला की नाताळच्या सुट्टीला जोडून रजा घेऊन मुले येतील. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त आहेतच. तीन आठवड्यांत पाहणे, पसंती, याद्या, लग्न, असा झपाटा पुन्हा सुरू होईल. ज्या बापांच्या मुली या वर्षी उजवायच्या आहेत त्यांना माझे सांगणे आहे. बैठकीत मुलीला आतल्या खोलीत पाठवू नका, खुर्चीवर बसवा. कोणत्या कागदावर राहतोस, पिटिशन कोणत्या महिन्यात भरणार, पावती क्रमांक मला देणार का, पाळी येईपर्यंत वर्षातून किती वेळा येशील, मी नोकरी चालू ठेवणार आहे ते चालेल का, हे तिला तिच्या तोंडाने विचारू द्या. मुलाकडचे रुसले तर रुसू देत. ती बोलत असताना मध्ये 'अगं, असू दे' म्हणू नका.